धर्मग्रामाच्या सभागृहात मुष्टियुद्ध

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय आपल्या कानांवरून अनेकदा जातो. त्यातील शर्यतीची उपमा प्रवचनकारांना फार प्रिय आहे. धावणारे पुष्कळ, मुकुट एकालाच, हे सांगणे सोपे आणि ऐकणाऱ्यालाही सुखाचे. पण त्याच ओघात पौल मुष्टियोद्ध्याचीही उपमा देतो. आपण हवेत हात फिरवणारा मुष्टियोद्धा नाही, असे तो स्वतःविषयी म्हणतो. या उपमेकडे सहसा कोणी वळत नाही. आम्हीही पंचवीस वर्षांत क्वचितच वळलो. सेमिनरीत असताना ग्रीक शिकवणाऱ्या गुरुजींनी एकदा सांगितले होते, की पुढच्याच ओळीत पौल स्वतःच्या शरीराविषयी जे क्रियापद वापरतो, त्याचा मूळ अर्थ 'डोळ्याखाली ठोसा हाणणे' असा आहे. भाषांतरांतून तो अर्थ बराच मवाळ होऊन उतरतो. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. तिथले मुष्टियोद्धे हातांना चामड्याच्या वाद्या गुंडाळून लढत. पौलाच्या वाचकांना त्या सुजलेल्या चेहऱ्यांची चांगली ओळख असणार.

हे सारे आम्हाला आठवण्याचे कारण वेगळेच होते. तीन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर सात-आठ मुले आमच्या कचेरीच्या दाराशी उभी राहिली. त्यांच्याबरोबर सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. ते आमच्या धर्मग्रामातले नव्हेत, धर्माने ख्रिस्तीही नव्हेत. स्टेशनपलीकडच्या वस्तीत राहतात. मुलांची मागणी साधी होती. आठवड्यातून चार संध्याकाळी धर्मग्रामाचे सभागृह मुष्टियुद्धाच्या सरावासाठी मिळावे. तोवर ही मंडळी एका इमारतीच्या वाहनतळात सराव करीत होती आणि तिथल्या रहिवाशांनी त्यांना हाकलले होते.

कल्याणच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना आमच्या धर्मग्रामाची जडणघडण सांगायला नको. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली आणि 1 मे 1854 रोजी ती कल्याणला पोहोचली. तिच्या मागोमाग ड्रायव्हर, गार्ड, फिटर, तारबाबू आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांची कुटुंबे आली. गोव्याची, मंगळूरची, वसईची, ईस्ट इंडियन, अँग्लो-इंडियन, पुढे केरळ आणि तामिळनाडूची. आज डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत पसरलेल्या आमच्या बहुतेक घरांत एक तरी माणूस रेल्वेत होता किंवा आहे. बाकीचे पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात आणि रात्री परततात. मुले दिवसभर एकटी. त्यांच्या हाताला काही काम असावे, असे प्रत्येक पालक म्हणतो. कोणते काम, याविषयी मात्र एकमत नसते.

धर्मग्राम परिषदेत या मागणीवर जो वाद झाला, तसा वाद आम्ही छपराच्या दुरुस्तीवरूनसुद्धा पाहिला नव्हता. क्रिकेटला कोणाची हरकत नव्हती, फुटबॉलला तर नव्हतीच, कॅरमसाठी दोन बोर्ड आधीच घेतलेले. पण माणसाच्या तोंडावर ठोसा मारण्याचा खेळ, तोही वेदीपासून पन्नास पावलांवर? एका ज्येष्ठ सभासदाने विचारले, की एका गालावर मारले असता दुसरा पुढे करण्यास सांगणाऱ्या प्रभूच्या घरात आपण मुलांना नेमके काय शिकवणार? प्रश्न रास्त होता. दुसरे सभासद रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी उत्तरादाखल आपल्या वडिलांच्या काळातील रेल्वे इन्स्टिट्यूटची गोष्ट काढली. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर चार खांब रोवून दोर ताणीत आणि शनिवारी रात्री ड्रायव्हरची मुले तिथे एकमेकांशी लढत, मग रविवारी सकाळी त्याच सुजलेल्या ओठांनी ख्रिस्तशरीर स्वीकारीत. ऐकणारे हसले, वाद मात्र मिटला नाही.

त्या गोष्टीत अतिशयोक्ती असेलही, पण ती निराधार नव्हे. भारतातील हौशी मुष्टियुद्ध पहिल्या काळात सैन्याच्या आणि रेल्वेच्या छावण्यांत, तसेच मिशनरी शाळांत वाढले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताने प्रथमच मुष्टियोद्धे पाठवले. त्या संघातील नावे पाहा: बिनॉय बोस, रॉबिन भट्टा, बाबू लाल यांच्याबरोबर जीन रेमंड, मॅक जोआकिम, जॉन नटॉल. 1952 साली हेलसिंकीला ऑस्कर वॉर्ड आणि रॉन नॉरिस होते. त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, म्हणून मराठी माणसाला ते वर्ष पाठ असते. मुष्टियोद्ध्यांची आठवण कोणी ठेवली नाही. 1961 साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले. त्या पहिल्या यादीत बॅडमिंटनसाठी आपले नंदू नाटेकर आहेत आणि मुष्टियुद्धासाठी एल. बडी डिसोझा. आडनाव वाचून आमच्या परिषदेतील दोघे-तिघे खुर्चीत थोडे ताठ बसले, हे आम्ही पाहिले.

मराठी नावेही पुढे आली, बहुतेक सैन्यामार्फत. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार हे दोघे भारताकडून उतरले. ते ऑलिंपिक मुष्टियुद्धाच्या इतिहासात एका बदनामीसाठी ओळखले जाते. अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम सामन्यात यजमान देशाच्या खेळाडूला स्पष्टपणे निष्प्रभ केले असताना पंचांनी कौल उलटा दिला. त्यातूनच 1992 पासून गुण मोजण्याची यांत्रिक पद्धत आली.

परंतु मराठी मुष्टियोद्ध्यांत आम्हाला सर्वांत मोठे वाटतात ते मुरलीकांत पेटकर, आणि त्यांची कीर्ती मुष्टियुद्धाची नव्हेच. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा मुलगा लहानपणीच सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये दाखल झाला. तिथे तो मुष्टियुद्ध शिकला आणि 1964 साली टोकियोत झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले. शत्रूच्या हल्ल्यात त्यांना गोळ्या लागल्या. एक पाठीच्या कण्यात रुतली आणि पाय कायमचे गेले. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार झाले आणि उपचाराचाच भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवण्यात आले. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर पोहण्याची शर्यत 37.33 सेकंदांत जिंकली. ते भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक होते. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती 2018 साली, म्हणजे छेचाळीस वर्षांनी. 2024 साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट आला, तेव्हा आमच्या मुलांना ते नाव कळले. आमच्या हवालदारांना ते आधीपासून ठाऊक होते. पाय नसताना हात कसे राखावेत हे त्यांना मुष्टियुद्धाने शिकवले, असे हवालदार म्हणतात. हे विधान तपासून पाहणे शक्य नाही, पण मुले ते ऐकताना खाली बसतात.

परिषदेची पुढची बैठक होईपर्यंत आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. आमच्या मंडळींना आपल्याच ख्रिस्तसभेतील एक उदाहरण ठाऊक नव्हते. ते येथे जरा विस्ताराने सांगतो.

शिकागो शहरात बर्नार्ड शील नावाचे धर्मगुरू होते. तरुणपणी उत्तम बेसबॉलपटू. व्यावसायिक संघाचे बोलावणे नाकारून सेमिनरीत गेले. पुढे ते तुरुंगाचे चॅप्लिन झाले. फाशीची शिक्षा झालेल्या तरुणांना शेवटची सोबत करणे हे त्यांच्या कामाचा भाग होते. त्या तरुणांपैकी कित्येक वयाने मुलेच होती आणि कित्येक बाप्तिस्मा झालेली, कॅथलिक घरांतली होती. 1928 साली शील सहायक बिशप झाले. 1930 साली त्यांनी कार्डिनल मुंडेलाइन यांच्या पाठिंब्याने कॅथलिक युवक संघटना स्थापन केली. दारूबंदीचा तो काळ, टोळ्यांचे राज्य होते. अल कपोन त्याच शहरात मोकळा फिरत होता. शील यांनी मुलांसाठी काय काढले? प्रार्थनामंडळ नव्हे, वाचनालयही नव्हे (तेही पुढे आले). त्यांनी मुष्टियुद्धाची स्पर्धा काढली. तिच्यावर टीका होणारच होती आणि झाली. शील यांचे म्हणणे साधारण असे होते, की ज्या मुलाला टोळीचा म्होरक्या थोर वाटतो, त्याला तितकाच ताकदवान पण नियम पाळणारा माणूस दाखवल्याशिवाय धर्माची गोष्ट त्याच्या कानी शिरणार नाही.

ही स्पर्धा धर्मग्रामांच्या संघांत होई आणि शिकागो स्टेडियमसारख्या प्रचंड जागेत तिचे अंतिम सामने भरत. महत्त्वाची गोष्ट अशी, की तिचे दार केवळ कॅथलिकांना खुले नव्हते. काळी-गोरी, ज्यू-प्रोटेस्टंट, सर्व मुले येत. आणि हे 1930 च्या दशकातील अमेरिकेत, जिथे पुष्कळ ठिकाणी काळ्या माणसाला गोऱ्याच्या शेजारी जेवायला बसता येत नसे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या अमेरिकन संघात या संघटनेचे मुष्टियोद्धे होते. शील 1954 पर्यंत संघटनेचे संचालक राहिले आणि 1969 साली निवर्तले. कामगारांच्या हक्कांसाठी आणि वर्णद्वेषाविरुद्ध ते जे बोलले, त्यामुळे त्यांचे विरोधक मुष्टियुद्धाच्या टीकाकारांपेक्षा कितीतरी अधिक होते. या मनुष्याविषयी आपल्याकडे कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. 'निदान आम्ही तरी' म्हणून हा परिच्छेद लांबला, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

त्याच देशातील लुइव्हिल शहरात 'नाइट्स ऑफ कोलंबस' या कॅथलिक बंधुसंघाने बांधलेले एक सभागृह होते. 1954 साली तिथे एक प्रदर्शन भरले असताना बारा वर्षांच्या एका काळ्या मुलाची नवी सायकल चोरीला गेली. तक्रार द्यायला तो तळघरात गेला. तिथे जो मार्टिन नावाचा पोलीस फावल्या वेळात मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. चोर सापडला तर त्याला बडवीन, असे मुलगा रडत म्हणाला. मग आधी लढायला शीक, असे पोलिसाने सुचवले. तो मुलगा कॅशियस क्ले, जगाचा मुहम्मद अली. शेजारीच धर्मभगिनींचे महाविद्यालय होते. तिथल्या ग्रंथालयात तो पुढे संध्याकाळी पुसण्या-झाडण्याचे काम करी आणि दमून टेबलावरच झोपी जाई. 1960 साली रोमला त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. ना तो कॅथलिक होता, ना कधी झाला. सायकल कधी सापडली नाही.

आणि हे सारे परदेशातलेच कशाला? हरियाणातील भिवानी येथे जगदीश सिंग या प्रशिक्षकांनी 2003 साली एक साधा क्लब काढला. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकला गेलेल्या भारताच्या पाच मुष्टियोद्ध्यांपैकी चार त्या एका गावचे होते. विजेंदर सिंगने कांस्यपदक आणले, मुष्टियुद्धातील भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. अखिल कुमारने विश्वविजेत्या रशियन खेळाडूला हरवले. लोक भिवानीला छोटे क्युबा म्हणू लागले. गावात आधी कॅप्टन हवासिंग यांची परंपरा होती; 1966 आणि 1970 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवणारे ते. म्हणजे विजेते आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी चाळीस वर्षे आधी त्याच मातीत घाम गाळलेला असतो.

हे सर्व आम्ही परिषदेपुढे मांडले. दुसरी बाजूही मांडली, कारण ती लपवणे आमच्या झग्याला शोभले नसते. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला होणाऱ्या इजेचे वर्णन अमेरिकेतील मार्टलँड नावाच्या डॉक्टरांनी 1928 सालीच केले होते. नोव्हेंबर 1982 मध्ये कोरियाचा तरुण मुष्टियोद्धा किम डुक कू हा रे मॅन्सिनीशी लढताना कोसळला आणि चार दिवसांनी मरण पावला. काही महिन्यांत त्याच्या आईने व त्या सामन्याच्या पंचाने आत्महत्या केली. मॅन्सिनी धर्मनिष्ठ कॅथलिक. त्याच्या मनावरचे ओझे कोणत्या पापनिवेदनाने उतरले असेल? 2005 साली रोममधील येशूसंघीयांच्या 'ला चिव्हिल्ता कात्तोलिका' या नियतकालिकाने व्यावसायिक मुष्टियुद्धाचा अत्यंत कठोर शब्दांत निषेध केला. कायद्याच्या आडोशाने केलेला खुनाचा प्रयत्न, असाच त्याचा आशय होता. आम्हाला तो निषेध पटतो. पैशासाठी माणसाने माणसाला बेशुद्ध पाडावे आणि हजारोंनी टाळ्या पिटाव्या, हे ख्रिस्ती दृष्टीला कधीही मान्य होणार नाही. हौशी मुष्टियुद्ध त्याहून वेगळे आहे. तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या, जाड मोजे, ठोशाच्या ताकदीपेक्षा नेमकेपणाला मान, आणि शंका आली तर पंच सामना तिथेच थांबवतो. पण वेगळे आहे म्हणजे निर्धोक आहे, असे आम्ही म्हटले नाही.

अखेर परवानगी मिळाली, अटींसह. सोळा वर्षांखालच्या मुलांनी प्रत्यक्ष एकमेकांशी लढायचे नाही, केवळ बॅगेवर आणि पायांच्या हालचालींवर सराव. शिरस्त्राण सक्तीचे, प्रौढ पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतून ते 2013 पासून काढले गेले असले तरी आमच्या सभागृहात राहील. शाळेच्या निकालपत्रिका दर सहामाहीस हवालदारांना दाखवायच्या. बाहेर रस्त्यावर हात उगारला तर त्याच दिवशी नाव कमी. बुधवारी नोव्हेना असल्याने सभागृह बंद.

इतके ठरले, आणि मग एके संध्याकाळी एक आई भेटायला आली. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा, पहिल्या आठ जणांतला. ती भांडायला आली नव्हती. पाण्याचा पेला हातात धरून बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "फादर, त्याच्या बापाचा हात आमच्या घरात रोज उठायचा. ते गेले, देव त्यांना शांती देवो. आता कुठे घर शांत झालंय, आणि तुम्ही पोराला तेच शिकवणार?"

शील, मार्टिन, भिवानी, पौलाचे ग्रीक क्रियापद, सारे आमच्यापाशी होते. त्यातले काहीही त्या खोलीत उच्चारण्याजोगे नव्हते. मुलाला थांबवायचे असेल तर आम्ही थांबवतो, एवढेच आम्ही तिला सांगितले. तिने मान हलवली. "तो ऐकणार नाही. तुम्ही थांबवलंत तर दुसरीकडे जाईल." जाताना तिने एकच विचारले, की तो चिडतो तेव्हा हवालदार काय करतात.

आम्ही हवालदारांना तोच प्रश्न केला. ते म्हणाले, चिडलेल्या मुलाला ते मोजे काढायला लावतात, हाताच्या पट्ट्या सोडायला लावतात आणि पुन्हा गुंडाळायला लावतात. पट्टी सुमारे चार मीटर लांब असते. अंगठ्यापासून मनगट, मनगटापासून बोटांच्या सांध्यांवरून, प्रत्येक बोटामधून, सुरकुती न पडू देता. रागावलेल्या माणसाला ती नीट गुंडाळता येत नाही. सुरकुती पडते, मग पुन्हा सोडायची. एका संध्याकाळी त्या मुलाला त्यांनी हे अकरा वेळा करायला लावले होते. त्या दिवशी तो लढला नाही.

आम्ही हे त्या आईला सांगितले. ती काही बोलली नाही. सरावाला ती आजतागायत आलेली नाही. मागच्या वर्षी मुलगा जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरला, तिथेही नाही. पहिल्याच सामन्यात ठाण्याच्या एका चपळ डावखुऱ्या मुलाकडून तो हरला. नाकातून थोडे रक्त आले, आणि पंचांनी हात उचलल्यावर त्याने जिंकणाऱ्याला मिठी मारली. असे सर्वच मुष्टियोद्धे करतात, तो रिवाज आहे. आम्ही मात्र ते प्रथमच जवळून पाहत होतो. कोणी विजेता अजून आमच्या सभागृहातून निघालेला नाही. जिल्ह्याच्या एका कांस्यपदकापलीकडे आमची मजल गेलेली नाही, आणि तेही हवालदारांच्या स्वतःच्या पुतण्याचे. मंडळाला नावसुद्धा नाही. एका मुलाने संत सेबॅस्टियनचे नाव सुचवले. बाणांनी घायाळ होऊनही उभा राहिलेला संत, म्हणून. दुसऱ्याने पेटकरांचे सुचवले. निर्णय व्हायचा आहे.

येत्या जूनमध्ये परवानगीचे नूतनीकरण परिषदेपुढे येईल. या वेळी यादीत पंचवीस नावे आहेत. त्यांतील नऊ आमच्या धर्मग्रामाची नाहीत आणि तीन मुलींची आहेत. मेरी कोमने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, स्त्रियांचे मुष्टियुद्ध जेव्हा प्रथमच तिथे खेळले गेले, कांस्यपदक मिळवले. त्यामुळे मुलींनी हा खेळ खेळावा की नाही, असा प्रश्न आता कोणी उघडपणे विचारणार नाही. सभागृहात कपडे बदलायला वेगळी खोली नाही, हा प्रश्न मात्र विचारला जाईल. सामानाच्या खोलीतला नाताळच्या गोठ्याचा लाकडी सांगाडा, जुने बाक आणि दोन मोडके स्टँडचे पंखे हलवले तर ती जागा होऊ शकेल. गोठ्याचा सांगाडा ठेवायचा कुठे, एवढे ठरवायचे राहिले आहे.